ओढ्यातल्या चेअरमन मावशी

आमच्या घरमालकाच्या पायांत चपला मी क्वचितच पाहिल्या. त्या बहुतेक वेळा त्यांच्या बायकोच्या हातात असायच्या. गैरसमज नको. मावशी त्या चपलांनी नवऱ्याला नाही, पाण्याला मारायच्या.

आंदर मावळातल्या एका धरणाकाठच्या गावात माझी शिक्षिका म्हणून नेमणूक झाली होती. माझं घर तळेगावला. रोज जाऊन-येऊन करावं म्हटलं तर एसटीचा भरवसा नाही, म्हणून मी गावातच एक खोली बघायला गेले. ओटीवर एक सडपातळ गृहस्थ अनवाणी बसले होते. गावात त्यांना सगळे भाऊ म्हणत. मी विचारलं, "खोली भाड्यानं द्यायची आहे ना? मावशी आहेत का घरात?"

"चपला घिऊन गेलीया," भाऊ म्हणाले.

"कुठे?"

"धरणात."

मला वाटलं, म्हातारा थट्टा करतोय. पण त्यांनी बोट दाखवलं तिकडे बघितलं, तर पाण्याच्या मधोमध ट्रॅक्टरच्या चाकाची फुगवलेली ट्यूब तरंगत होती. ट्यूबवर फळी, फळीवर गोधडीची घडी आणि तिच्यावर काष्टा मारून बसलेली एक धिप्पाड बाई. दोन्ही हातांत भाऊंच्या चपला अडकवून ती सपासप पाणी मागे सारत काठाकडे येत होती. जवळ आल्यावर तिनं तिथूनच ओरडून विचारलं, "मास्तरीण का? मासं खाती का?"

"खाते."

"साफ कराया येत्यात?"

"येतात."

"मग खोली दिली."

पुढची तीन वर्षं मी त्या खोलीत राहिले. मावशी स्वतःच्या चपला का वापरत नाहीत, असं एकदा मी विचारलं होतं. "माझ्या झिजतील की," त्या म्हणाल्या, आणि शेजारी बसलेल्या भाऊंनी अगदी पटल्यासारखी मान हलवली.

मावशी गावातल्या मच्छीमार सोसायटीच्या चेअरमन होत्या. त्या कशा झाल्या, तेही ऐकण्यासारखं आहे. पद बाईकडे जाणार असं ठरल्यावर सोसायटीची मंडळी त्यांच्या घरी आली. फक्त सहीपुरतं नाव हवं होतं. मावशींनी विचारलं, "चेरमननं करायचं काय आसतं?"

"काय न्हाई मावशी. बसायचं निसतं."

"निसतं बसाया माझ्याकडं मानूस हाय घरात," मावशी भाऊंकडे बघून म्हणाल्या. "काम आसंल तर सांगा."

कोणीतरी वेळ मारून न्यायला म्हणालं, "धरणातलं मासं सांभाळायचं."

मंडळींना वाटलं, प्रश्न मिटला. पण मावशींनी ते वाक्य जसंच्या तसं मनावर घेतलं. शेळ्या सांभाळाव्यात, नातवंडं सांभाळावीत, तशी ती बाई धरणातले मासे सांभाळू लागली.

तशी गरजही होती. खोऱ्यातली भाताची चांगली खाचरं धरणाखाली गेलेली. उरलेल्या डोंगरउताराच्या वरकस जमिनीवर पोट भरत नाही, म्हणून कितीतरी घरांनी मासेमारी धरली होती. तळेगावच्या बाजारात मासा जायचा, शनिवार-रविवारी लोणावळ्याच्या हॉटेलांत जायचा. पण ज्याला त्याला घाई. मच्छरदाणीसारखी बारीक जाळी टाकून हाताला लागेल ते उपसायचं. होता होता अशी वेळ आली की टोपल्यात माशांपेक्षा बर्फच जड. तरणी पोरं जाळी विकून तळेगावच्या कंपन्यांत कामाला जाऊ लागली. ज्यांना जाता येत नव्हतं, ते पाण्याकडे बघत बसायचे.

मावशींनी पहिला कायदा केला तो वितेचा. वितेच्या आतला मासा पाण्यात परत. कोणाची वीत, यावरून भांडण लागलं. लोक ज्याचा हात सगळ्यात लहान त्या सभासदाला काठावर आणून उभं करू लागले. त्या बिचाऱ्याला उगीचच मान मिळायला लागला. मग मावशींनी जाहीर केलं, "वीत चेरमनची." आणि चेअरमनचा पंजा सुपाएवढा. त्या वर्षी टोपल्या जास्तच हलक्या झाल्या आणि मावशींचा हात दरवर्षी वाढतो, अशी गावात अफवा उठली. लहान मासा परत सोडताना त्या त्याच्याशी बोलायच्याही, "जा, आन् आईला सांग, मावशीनं सोडलं म्हनून."

त्यांचं सगळंच काही खरं नसे. पुण्याकडून वारा आला की मासा शहाणा होतो आणि जाळ्यात येत नाही, असं त्या छातीठोकपणे सांगत. माशाला हिंदी गाणी आवडत नाहीत, हेही त्यांचंच संशोधन. सहलीला आलेल्या एका टोळक्यानं काठावर मोठ्यानं गाणी लावली, तर मावशी ट्यूबवरून वल्हवत थेट त्यांच्यासमोर गेल्या आणि म्हणाल्या, "बंद कर. खाली लेकरं झोपल्यात." त्या पोरांनी घाबरून इकडेतिकडे कोणाचं बाळ झोपलंय ते पाहिलं. गाणी मात्र बंद केली.

एकदा मत्स्यविभागाचे साहेब धरणात सोडायला बोटुकली घेऊन आले. बोटुकली म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं. हवा भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांत ती वळवळत होती. साहेब गाडीतून उतरतात तोच मावशी समोर हजर. हातात भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या. त्यांनी प्रत्येक पिशवीवरून भाकरतुकडा ओवाळून टाकला.

"हे कशासाठी?" साहेबांनी विचारलं.

"नव्या सुना घरात येत्यात," मावशी म्हणाल्या. "तशाच घ्यायच्या व्हय?"

साहेब हसले. त्यांनी पिशव्या न उघडता तशाच पाण्यात तरंगत ठेवायला सांगितल्या, म्हणजे पिशवीतलं आणि धरणातलं पाणी सारखं गार होईल आणि पिल्लांना धक्का बसणार नाही. मावशींना हे फारच आवडलं. "बराबर हाय. माह्यारचं पानी आन् सासरचं पानी आदी येकमेकांना कळू दे," त्या म्हणाल्या. पुढे साहेब हीच तुलना इतर गावांतही सांगतात, असं माझ्या कानावर आलं.

पण मावशींचा खरा हिसका दिसायचा तो मिटिंगमध्ये. गावातली मिटिंग म्हणजे अर्धी माणसं तंबाखू आणायला गेलेली, उरलेली चहाची वाट बघणारी. मुद्द्याचं बोलणं निघालं की एकेकाला घरची गुरं आठवायची. मावशींनी तोडगा काढला. मिटिंग पाण्यात. सगळ्या सभासदांनी आपापल्या ट्यूबवर बसून धरणाच्या मध्यावर यायचं. तिथं गेल्यावर मावशी सगळ्या ट्यूबा एका दोराला बांधून टाकायच्या आणि दोराचं टोक स्वतःच्या कमरेला खोचायच्या. मी शाळेच्या ओट्यावरून पाहिलं आहे: निळ्या पाण्यावर काळ्या ट्यूबांचं भलंमोठं रिंगण आणि मध्ये छत्री उघडून बसलेल्या चेअरमन. उठून जायची सोय नाही. पाण्यावरून आवाज स्पष्ट यायचा.

"जाळं दाव तुजं. घाल चार बोटं त्यात. जात्यात का?"

"दोन जात्यात मावशी."

"मग ती मच्छरदानी हाय. घरी जाऊन पलंगाला बांध."

अशाच एका तरंगत्या मिटिंगमध्ये त्यांनी चढणीचा विषय काढला, आणि रिंगणातल्या सगळ्या ट्यूबा एकदम डगमगल्या.

चढणीचे मासे म्हणजे मावळातल्या माणसाचा जीव की प्राण. पावसाळा सुरू होऊन ओढे वाहू लागले की धरणातले गावठी मासे अंडी घालायला प्रवाहाच्या उलट वर चढतात, पार भाताच्या खाचरांपर्यंत. पोटं अंड्यांनी टच्च भरलेली. घोटाभर पाण्यात नुसती टोपली लावली तरी सापडतात, आणि चवीला तर विचारू नका. आजोबा-पणजोबांपासून लोक ते धरत आले आहेत. मावशींचं म्हणणं असं की, आधी मासे भरपूर होते, धरणारे थोडे होते. आता मासे थोडे आणि धरणाऱ्यांच्या गाड्या पुण्याहून येतात. चढणीला एक मादी धरली तर पुढच्या हंगामातले जाळंभर मासे गेले.

"दोन वर्सं वढ्यात कुनी हात घालायचा न्हाई," त्या म्हणाल्या. "मंग बघू."

बराच वेळ वाद झाला. दोर मावशींच्या कमरेला असल्यामुळे तो शेवटपर्यंत झाला. अखेर एक म्हातारा म्हणाला, "आमी पाळू गं. पन आखाडाला तुजा जावई यील, तवा तू काय करतीस ते बगू."

म्हाताऱ्यानं नेमक्या जागी बोट ठेवलं होतं. मावशींची एकुलती एक लेक सोमाटण्याला दिली होती. जावई तळेगावच्या कंपनीत. आषाढात, श्रावण लागायच्या आधी, जावयाला आखाडाचं जेवण करायचं हा आमच्याकडचा रिवाज, आणि हा जावई दरवर्षी त्या जेवणाला चढणीचेच मासे मागायचा. मावशींचा तो लाडका. त्याच्यासाठी त्या धरणच काय, डोंगरही उपसतील असं गाव म्हणायचं.

ओढे वाहू लागले तशा मावशी लाल प्लॅस्टिकची खुर्ची घेऊन निघाल्या. ओढा जिथं धरणाला मिळतो तिथं, बरोबर पाण्याच्या मधोमध, त्यांनी खुर्ची टाकली आणि त्या बसल्या. पाय पाण्यात, डोक्यावर इरलं. भाऊ काठावर थर्मास घेऊन. जो टोपली घेऊन येई तो मावशींना बघून परत फिरे. "काय मावशी, बरं हाय ना?" एवढंच विचारून. असे काही दिवस गेले.

मग रविवारी जावई आला. एकटा नाही, कंपनीतले तीन मित्र, दोन मोटरसायकली, एक जाळं. मित्रांना त्यानं कबूलच करून टाकलं होतं की आज चढणीचे मासे खायला घालतो. आधी घरी जायचं सोडून तो सरळ ओढ्यावर आला. गाव काय होतंय ते बघायला हळूहळू काठावर जमलं. मीही होते.

"मामी, जरा खुर्ची बाजूला घेता का?" जावई हसत म्हणाला.

"या पाव्हनं. घरी चला, कोंबडी शिजतीया."

"कोंबडी रोज खातो. हे मासे बघा की, तुमच्या पायाखालून चाललेत."

"चाललं त्यांना जाऊ द्या."

"मामी, मी या लोकांना शब्द दिलाय." त्याचा आवाज जरा चढला. त्यानं जाळ्याची गाठ सोडली.

मावशी खुर्चीतून उठल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "पाव्हनं, ह्या बाळंतपनाला माह्यारी चालल्यात. तुमच्या बायकूला मी दोन बाळंतपनाला हितं आनली. तवा वाटंत कुनी जाळं लावलं व्हतं का?"

काठावर एकच हशा पिकला. मित्रही हसले, आणि तेच वाईट झालं. जावयाचा चेहरा उतरला. त्यानं जाळं गुंडाळलं, गाडीला किक मारली आणि घराकडे न बघता निघून गेला. मित्र मागोमाग.

गाव पांगलं. त्या दिवसापासून गावात चढणीच्या माशाला कोणी हात लावला नाही; ज्या बाईनं जावयाला सोडलं नाही ती आपल्याला काय सोडणार. मावशी जिंकल्या होत्या. पण घरी कोंबडीचं पातेलं तसंच भरलेलं होतं. मावशींनी ते आमच्यापुढे सरकवलं आणि म्हणाल्या, "खावा. मला भूक न्हाई." जावई दारी न येता उपाशी परत जाणं म्हणजे काय, हे मला सांगायची गरज नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पुन्हा ओढ्यात जाऊन बसल्या.

नागपंचमीला लेक आली नाही. गौरीलाही आली नाही. मावशी ओटीवर बसून एसटीच्या रस्त्याकडे बघायच्या आणि मी बघितलं की म्हणायच्या, "ढग कुटनं येतोय ते बगत व्हते." त्यांचे विनोद चालूच होते, पण सांगून झाल्यावर त्या स्वतः हसत नव्हत्या. भाऊ आपल्या चपला न मागता त्यांच्यासमोर आणून ठेवत. मी एकदा म्हटलं, "मावशी, फोन करा की जावयाला."

"केला तर माफी मागावी लागंल."

"मग मागा."

"मागीन की. पन माफी मागितली का तो म्हननार, आता येत्या आखाडाला धरू द्या. मंग काय म्हनू?"

दिवाळीत लेक मुलांना घेऊन आली, ती एका दिवसासाठी. जावयानं त्यांना फाट्यावर सोडलं आणि तिथूनच गाडी वळवली. जाताना लेक आईला एवढंच म्हणाली, "आई, तू बरोबरच होतीस गं. पण चार लोकांत त्यांचं हसं करायला नको होतं."

हे वाक्य मावशींच्या मनात बरेच दिवस मुरलं असावं.

त्या हिवाळ्यात जाळ्यांना मासा लागू लागला. तो केवळ मावशी ओढ्यात बसल्या म्हणून, असं मी म्हणणार नाही. साहेबांची बोटुकली वाढली होती, मोठ्या भोकांची जाळी आली होती, पाऊसही बरा झाला होता. पण पहाटे काठावर टोपल्या उतरवणाऱ्या माणसांचे आवाज बदलले होते, एवढं मला खोलीत झोपल्या जागी कळायचं. कंपनीत गेलेल्यांपैकी दोघांनी पुन्हा ट्यूबा फुगवल्या.

एका शनिवारी शाळा सुटल्यावर मी तळेगावला निघाले, तर मावशी एसटीत आधीच बसलेल्या. मांडीवर ओल्या गोणपाटात गुंडाळलेला हा एवढा कटला मासा. शेपूट बाहेर आलेलं. कंडक्टर म्हणाला, "मावशी, याचं अर्धं तिकीट घ्यावं लागंल."

"उबा राहिला तर घेते," मावशी म्हणाल्या.

मला म्हणाल्या, "बाई, तुमी संगं चला. येकटी गेले तर तोंड माजं न्हाई ऐकायचं."

सोमाटण्याला लेकीचा फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. लेकीनं दार उघडलं. मावशी सरळ स्वयंपाकघरात गेल्या, मासा ओट्यावर ठेवला आणि विळी मागितली. रश्श्याला उकळी फुटत असताना जावई पहिली पाळी संपवून घरी आला. आम्हाला बघून तो दारातच थांबला.

"मामी, कधी आलात?" त्यानं भिंतीकडे बघत विचारलं.

मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या. "पाव्हनं, चार मानसांत तुमचं हसं केलं. त्ये चुकलं माजं. त्याची माफी मागाया आलीया."

जावई गडबडला. सासूनं हात जोडलेले बघून त्यानं पटकन पुढे होऊन ते खाली केले. "अहो मामी, असं काय..."

"थांबा, माजं झालं न्हाई," मावशी म्हणाल्या. "बोलले त्ये चुकलं. बसले त्ये न्हाई चुकलं. त्याची माफी मागनार न्हाई."

लेकीनं घाबरून माझ्याकडे पाहिलं. जावयानं खांद्यावरची बॅग खाली ठेवली. मग त्यानं विचारलं, "म्हणजे यंदाही बसणार?"

"गुडघं साथ देतील तवर."

"आणि मी आखाडाला काय खायचं?"

"कोंबडी. ती वढा चढत न्हाई."

आधी लेक फिस्सकन हसली. मग तो हसला. मोकळं हसला, पोट धरून. आम्ही सगळे जमिनीवर पंगत मांडून जेवलो. जावयानं माशाचं डोकं आपल्या ताटातून उचलून मावशींच्या ताटात ठेवलं, मावशींनी ते परत त्याच्या ताटात टाकलं, आणि असं बराच वेळ चाललं. शेवटी ते मी खाल्लं.

पुढच्या उन्हाळ्यात माझी बदली झाली. पण आखाडाचं आमंत्रण आलं, म्हणून मी मुद्दाम गेले. घराला कडी होती. ओढ्यावर गेले, तर ओळखूच येईना. दोन्ही काठांवर बांबू रोवलेले, बांबूंना दोरी, दोरीला लाल चिंध्या. मधोमध अंगात कंपनीचं चमकणारं जाकीट आणि गळ्यात शिट्टी घालून जावई उभा. त्यानं आठवड्याची रजाच काढली होती. ते तिघे मित्रही होते, एकेक कोपरा वाटून घेतलेला. पुण्याची एक गाडी थांबली तशी जावयानं अशी शिट्टी फुंकली की गाडीतली माणसं उतरलीच नाहीत. भाऊ पाय धुवायला पाण्यात उतरत होते, त्यांनाही त्यानं हात दाखवून थांबवलं. "मामा, दोरीच्या बाहेरून. मासे बिथरतात."

मावशींची खुर्ची त्यानं कधीच उचलून काठावर, आंब्याखाली नेऊन ठेवली होती. पाण्यात बसून गुडघे धरतात म्हणून. मावशी तिथं कोरड्या पायांनी, हातावर हात ठेवून, पडलेल्या चेहऱ्यानं बसल्या होत्या. मला बघताच त्यांनी मला जवळ ओढलं आणि जावयाला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाल्या, "बाई, तुमी शिकल्या-सवरल्या हाय. ह्याला परत रुसवायचा कसा, तेवडं सांगा."